विंडोज काढलं की वॉरंटी जाते का?

अभियांत्रिकीचे प्रवेश उरकले की अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर, कोपरगाव, लोणी, विळदघाट इथल्या वसतिगृहांत नवे लॅपटॉप दिसू लागतात. पन्नास-साठ हजारांची वस्तू. कुणाच्या घरी ती दुधाच्या पगारातून आलेली असते, कुणाच्या घरी कांद्याच्या पट्टीतून, कुणी हप्त्यावर घेतलेली. थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतले सर सांगतात, प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्सची सवय करून घ्या. मग वरच्या वर्षातला एखादा मुलगा उबुंटू या लिनक्स सिस्टीमचा पेनड्राइव्ह घेऊन येतो. ''दे इकडे, अर्ध्या तासात उबुंटू टाकून देतो.'' नेमकं तेव्हाच दुकानदाराने बिल फाडताना बजावलेलं आठवतं : ''विंडोज काढलं की वॉरंटी गेली म्हणून समज. मग आमच्याकडे यायचं नाही.''

वरचा मुलगा म्हणतो काही होत नाही, दुकानदार म्हणतो सगळंच जातं. दोघेही अर्धं खरं बोलतात. लॅपटॉपची वॉरंटी असते ती यंत्राच्या भागांवर, आणि ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने ती सहसा संपत नाही. पण पुढे बिघाड झाला आणि तो यंत्राचाच आहे हे आपल्याला दाखवता आलं नाही, तर वॉरंटी कागदावर शाबूत राहूनही हातात काही पडत नाही. म्हणून जुनी सिस्टीम काढण्याआधी काही गोष्टी करून ठेवाव्या लागतात. त्या का करायच्या हे कळलं, तर कशा करायच्या हे आपोआप सुचतं.

वॉरंटी नेमकी कशाची असते?

लॅपटॉपच्या खोक्यात बारीक अक्षरांतली एक पुस्तिका असते. ती सहसा कुणी वाचत नाही. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं ते थोडक्यात असं : ठरलेल्या मुदतीत यंत्राच्या साहित्यात किंवा बांधणीत दोष निघाला, तर आम्ही तो भाग दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. मदरबोर्ड, स्क्रीन, कीबोर्ड, एसएसडी, पंखा हे सगळं यात येतं. बॅटरीची मुदत मात्र बऱ्याचदा वेगळी आणि कमी असते. यंत्राला तीन वर्षं आणि बॅटरीला एकच, असंही आढळतं.

त्याच पुस्तिकेत कशाची जबाबदारी नाही तेही लिहिलेलं असतं. यंत्र पडलं, पाणी सांडलं, विजेच्या दाबामुळे जळलं, अधिकृत नसलेल्या माणसाने उघडून खराब केलं, तर कंपनी हात वर करते. आत साठवलेल्या फोटोंची आणि फाइलींची जबाबदारी ती घेत नाही. सॉफ्टवेअरच्या तक्रारींबद्दलचा नियम असा असतो की आम्ही घालून दिलेलं सॉफ्टवेअर सोडून इतर कशाला आम्ही मदत करणार नाही. आपल्या प्रश्नाचं उत्तर या शेवटच्या वाक्यात आहे. मदत मिळणार नाही आणि वॉरंटी संपली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उबुंटूवर प्रिंटर चालत नाही म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलात तर ते परत पाठवतील आणि ते रास्तच आहे. पण स्क्रीनवर उभी रेघ आली, तर ती रेघ विंडोजमध्येही दिसते आणि लिनक्समध्येही दिसते.

बाजारातलाच एक पुरावा इथे उपयोगी पडतो. आपल्याकडे कितीतरी वर्षं 'डॉस लॅपटॉप' विकले जात आले आहेत. त्यांत विंडोज नसतं, फ्रीडॉस नावाची एक फुकट, साधी सिस्टीम असते, आणि खरेदीनंतर प्रत्येक जण आपल्याला हवी ती सिस्टीम टाकून घेतो. त्या यंत्रांनाही कंपनीची वॉरंटी असतेच. डेलने तर २००७ सालापासून काही मॉडेल थेट उबुंटू घालून विकायला सुरुवात केली. वॉरंटी विंडोजला बांधलेली असती तर हे शक्यच झालं नसतं.

तरीही आपल्या मॉडेलची अट आपणच वाचावी. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला की मुदत आणि अटी दोन्ही समोर येतात. तिथे वॉरंटी सुरू झाल्याची तारीख जरूर पाहावी. कधी कधी ती आपल्या बिलाची नसते, माल कारखान्यातून निघाल्याची असते, म्हणजे आपले एक-दोन महिने आधीच खर्ची पडलेले असतात. पक्कं बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते. म्हणून जीएसटीचं बिल घ्यायचं, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यायचा, आणि त्याचा फोटो दुसऱ्या कुठेतरीही ठेवायचा. थोडे पैसे वाचावेत म्हणून कच्च्या पावतीवर लॅपटॉप घेणारे अजून भेटतात. त्यांच्यासाठी या लेखातलं पुढचं फारसं उपयोगाचं नाही.

डिस्कचा सातबारा

आता अर्ध्या तासात उबुंटू टाकताना आत काय घडतं ते पाहू.

नव्या लॅपटॉपची डिस्क बाहेरून एकच दिसते, पण ती बांध घालून वाटलेल्या शेतासारखी असते. सुरुवातीला एक अगदी लहान तुकडा असतो. यंत्र सुरू झालं की सिस्टीम कुठून उचलायची ते तिथे नोंदलेलं असतं. मग मोठा तुकडा, म्हणजे आपल्याला दिसणारा सी ड्राइव्ह. आणि शेवटी एक-दोन तुकडे असे, जे विंडोजच्या खिडकीत दिसतच नाहीत. तिथे दुरुस्तीची साधनं असतात, आणि काही कंपन्यांच्या यंत्रांत कारखान्यातून निघालं तेव्हाची विंडोजची अख्खी प्रत, ड्रायव्हरांसकट. हे बांध कुठून कुठे जातात याचा नकाशा डिस्कच्या सुरुवातीला वेगळा नोंदलेला असतो. त्याला पार्टिशन टेबल म्हणतात.

लिनक्स टाकताना दोन मुख्य पर्याय समोर येतात. एक 'इन्स्टॉल अलाँगसाइड', म्हणजे सी ड्राइव्हचा थोडा भाग कमी करून तिथे नवा बांध घालणं. दुसरा 'इरेज डिस्क', म्हणजे सगळे बांध मोडून, नकाशा नव्याने काढून पूर्ण शेत एकालाच देणं. घाईत असलेला माणूस दुसरा पर्याय निवडतो, कारण त्यात प्रश्न कमी विचारले जातात. सी ड्राइव्ह जाणार हे त्याला माहीत असतं. कोपऱ्यातली कारखान्याची प्रतही जाणार, हे बहुधा माहीत नसतं.

आणि गेलं ते गेलं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात पुसलेलं परत मिळण्याची थोडी आशा असे, कारण पुसताना फक्त नकाशा बदलायचा आणि मजकूर जागेवरच राहायचा. आताच्या एसएसडीचं तसं नाही. फॉरमॅट करताना सिस्टीम एसएसडीला सांगते की या जागा आता रिकाम्या समज, आणि एसएसडी पुढच्या लिखाणाची तयारी म्हणून त्या आतून साफ करून टाकते. नंतर कितीही खटपट केली तरी बहुतेक वेळा काही हाती लागत नाही.

परवाना मात्र डिस्कवर नसतो

विंडोजसाठी मोजलेले पैसे वाया जातील, ही दुसरी मोठी भीती असते. ती बाळगायचं कारण नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड लॅपटॉपच्या परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलेला परवान्याचा लांबलचक स्टिकर गायब झाला तो यामुळे. डिस्क पूर्ण पुसली तरी ही किल्ली जागेवर राहते. पुढे कधी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज उतरवून पुन्हा टाकलं, की ते ही किल्ली स्वतःच वाचतं आणि इंटरनेट मिळताच सक्रिय होतं. कुणाकडून 'क्रॅक' घ्यायची गरज नाही, घेऊही नये.

ऑफिसचं प्रकरण वेगळं आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपांबरोबर ऑफिसची कायमची प्रत मिळते. पण ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला आधी जोडून घ्यावी लागते, आणि त्यासाठी ठरावीक मुदत असते. हे जोडणं त्या यंत्रातल्या मूळ विंडोजमधूनच सोपं पडतं. लिनक्सच्या उत्साहात ते राहून गेलं, तर काही हजारांची वस्तू हातची जाऊ शकते. म्हणून नव्या यंत्रावर पहिलं काम विंडोज सुरू करणं, ऑफिस आपल्या नावावर करणं आणि उत्पादनाची नोंदणी करणं. लिनक्स नंतर.

सॉफ्टवेअरने यंत्र बिघडतं का?

दुकानदाराच्या म्हणण्यातला खरा भाग इथे येतो. एरवी प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो, आणि त्याने भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. ही सोय हार्डवेअरमध्येच असते, तिला विंडोज लागत नाही. त्यामुळे लिनक्सने लॅपटॉप जळतो ही ऐकीव गोष्ट आहे. पण अपवाद घडले आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१७ च्या अखेरीस उबुंटूच्या १७.१० या आवृत्तीतल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोव्होच्या आणि आणखी काही कंपन्यांच्या ठरावीक लॅपटॉपांचं बायोस बिघडलं. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहणारा प्रोग्रॅम. काहींना त्यात केलेले बदल साठवता येईनात, काहींना पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येईना. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने ती आवृत्ती उतरवून घेण्याची सोय डिसेंबरमध्ये बंद केली आणि दुरुस्ती करून जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा दिली.

अशा घटना विरळ आहेत, पण त्यांतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, नव्या यंत्रावर अगदी ताजी, प्रायोगिक आवृत्ती टाकू नये. उबुंटूची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती घ्यावी. तिला पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात आणि आपल्या हातात येईपर्यंत ती पुष्कळांनी वापरून पाहिलेली असते. दुसरी, बायोसचं अपडेट विंडोज असतानाच करून घ्यावं. अनेक कंपन्या हे अपडेट विंडोजमध्ये चालणाऱ्या फाइलीच्या रूपात देतात. लिनक्समधून ते काही मॉडेलांनाच मिळतं. हे अपडेट अर्ध्यात तुटणं ही खरी धोक्याची गोष्ट आहे, त्यामुळे बॅटरी पूर्ण भरलेली आणि चार्जर लावलेला असावा. गावाकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा वायरीच्या भरवशावर राहू नये.

नव्या यंत्राची पारख आधी

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपला 'बदलून मिळेल' अशी मुदत काही दिवसांचीच असते, आणि त्या मुदतीत यंत्र आलं तसं असावं अशी अपेक्षा असते. दुकानातून घेतलं तरी पहिल्या आठवड्यात तक्रार केली की दुकानदारही ऐकून घेतो. म्हणून माझा आग्रह असा की पहिले पंधरा दिवस विंडोजच वापरावं, आणि कसून वापरावं. कीबोर्डची प्रत्येक कळ, सगळे यूएसबी पोर्ट, कॅमेरा, माइक, दोन्ही स्पीकर, वायफाय, झाकण मिटल्यावर झोपणं आणि उघडल्यावर जागं होणं. पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या पडद्यावर एखादा बिंदू मेलेला दिसतो का, तेही पाहावं. कारखान्यातला दोष बऱ्याचदा सुरुवातीच्या दिवसांतच डोकं वर काढतो. तो मूळ सिस्टीम असताना सापडला, तर वादाला जागाच उरत नाही.

याच काळात यंत्राची स्वतःची तपासणी एकदा चालवून पाहावी. डेलचा लॅपटॉप सुरू होताना एफ१२ दाबून, एचपीचा असेल तर एस्केप आणि मग एफ२ दाबून ही तपासणी उघडते. इतर कंपन्यांच्या कळा त्यांच्या माहितीपुस्तिकेत मिळतात. ही तपासणी बायोसच्या बाजूने चालते. तिला विंडोज लागत नाही, डिस्कवर कोणती सिस्टीम आहे याच्याशी तिला देणंघेणं नसतं. मेमरी, डिस्क, बॅटरी, पंखा ती एकेक करून तपासते आणि दोष आढळला तर एक सांकेतिक क्रमांक दाखवते. सर्व्हिस सेंटरमधला माणूस वाद घालतो तो 'तुम्ही टाकलेल्या सिस्टीममुळे होत असेल' या मुद्द्यावर. या तपासणीने दिलेला क्रमांक तो मुद्दा तिथेच मिटवतो. वॉरंटी जपण्याच्या सगळ्या उपायांत मला हा सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच फार थोड्यांना ठाऊक असतो.

परतीची वाट

मूळ विंडोजकडे परत जाण्याचे तीन मार्ग आहेत, आणि त्यांतले दोन तरी हाताशी असावेत.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन विंडोजमधल्याच 'रिकव्हरी ड्राइव्ह' या सोयीने तो तयार करणं. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, म्हणून कोरा घ्यावा. दुसरा, डेल, एचपी, लेनोव्हो यांसारख्या कंपन्या सिरियल नंबर दिल्यावर त्या मॉडेलची कारखान्याची प्रत इंटरनेटवरून उतरवू देतात. त्यासाठी त्यांचं छोटं साधन मिळतं आणि पुष्कळ डेटा लागतो. तिसरा मार्ग अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढण्याचा. क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला ही फुकट साधनं पेनड्राइव्हवरून चालतात आणि सगळे तुकडे, नकाशासकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. नव्या लॅपटॉपमध्ये भरलेला भाग थोडाच असतो आणि ही साधनं फक्त भरलेलाच भाग घेतात, त्यामुळे ५१२ जीबीच्या डिस्कची प्रतिमाही बरीच लहान होते.

यात बिटलॉकर हे विंडोजचं डिस्कचं कुलूप आडवं येतं. विंडोज ११ च्या अनेक नव्या यंत्रांत, मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे तिच्यावरचा मजकूर सांकेतिक रूपात साठू लागतो. त्या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षित कप्प्यात असते. यंत्र सुरू होताना टीपीएम पाहतं की सुरुवातीची साखळी नेहमीसारखी आहे ना, आणि असेल तरच किल्ली सोडतं. आपण बायोसमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना फक्त खात्रीचीच सिस्टीम चालू देणारी सोय, बंद केलं किंवा बूटचा क्रम बदलला, की साखळी बदलते. टीपीएम गप्प बसतं आणि पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर आपल्याच फाइली आपल्याला उघडत नाहीत. म्हणून बायोसला हात लावण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ही की कागदावर उतरवून घ्यावी. डिस्कची प्रतिमा काढायची असेल तर बिटलॉकर आधी बंद करावं. कुलूप असताना क्लोनझिलाला आत काय भरलंय ते कळत नाही आणि ते रिकामी जागाही मोजून मोजून उतरवत बसतं.

काही इंटेल लॅपटॉपांत आणखी एक गाठ असते. लिनक्सला डिस्कच दिसत नाही, कारण बायोसमध्ये ती इंटेलच्या आरएसटी किंवा व्हीएमडी या व्यवस्थेखाली ठेवलेली असते. ती सेटिंग बदलली की लिनक्सला डिस्क दिसते, पण विंडोज निळा पडदा दाखवून थांबतं. घाबरायचं कारण नाही, सेटिंग पूर्ववत केली की विंडोज सुरू होतं. यासाठी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो आधी मोबाइलवर काढून ठेवावा. पुढे काय बदललं होतं हे आठवत बसावं लागत नाही.

> चौकट : पेनड्राइव्ह लावण्याआधी
> पक्कं बिल आणि सिरियल नंबर यांचे फोटो. संकेतस्थळावरची वॉरंटीची तारीख बिलाशी जुळवणं.
> ऑफिस आपल्या खात्याला जोडणं, उत्पादनाची नोंदणी.
> पंधरा दिवसांचा कसून वापर. बायोसमधली तपासणी, निकालाचा फोटो.
> बायोसचं अपडेट, बॅटरी भरून आणि चार्जर लावून.
> बिटलॉकरची ४८ अंकी की कागदावर.
> रिकव्हरी ड्राइव्ह आणि डिस्कची प्रतिमा.
> बायोसच्या पानांचे फोटो.
> मूळ खोकं आणि चार्जर वॉरंटी संपेपर्यंत जपून.

सगळंच काढायची गरज आहे का?

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नाही. लिनक्सच्या आज्ञा शिकायच्या आणि सी-पायथॉनचे प्रोग्रॅम चालवायचे, एवढंच काम असेल तर विंडोजच्या पोटात चालणारं डब्ल्यूएसएल पुरेसं आहे. मायक्रोसॉफ्टने स्वतःच २०१६ पासून ही सोय दिली आहे. त्यात डिस्कचे बांध जागच्या जागी राहतात. उबुंटूचा पूर्ण पडदा हवा असेल तर पेनड्राइव्हवरून 'ट्राय उबुंटू' हा पर्याय घेऊन चार दिवस वापरून पाहावं. वायफाय, आवाज, टचपॅड चालतात की नाही ते डिस्कला स्पर्श न करता कळतं. आवडलं तर मग दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्या वेळी विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करावं. ते चालू असलं की विंडोज बंद केल्यावरही अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्सला त्याच्या फाइलींमध्ये काही लिहिता येत नाही. सिक्युअर बूट मात्र बंद करण्याची घाई करू नये. उबुंटू, फेडोरा, डेबियन या सिस्टीम ते चालू असतानाही बसतात.

वॉरंटी चालू असलेल्या यंत्रावर मी हाच शेजारी-शेजारीचा मार्ग सुचवीन. शंभर जीबी जागा विंडोजला ठेवली तरी बाकीची पुष्कळ उरते.

जुन्या यंत्रांची गोष्ट निराळी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि लोकवर्गणीतून घेतलेले जिल्हा परिषद शाळांमधले कितीतरी संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. त्यांची वॉरंटी कधीच संपलेली असते. तिथे जपायचं ते मुलांचं काम आणि शाळेच्या नोंदी. त्या बाहेर काढून घेतल्या की निर्धास्तपणे सगळे बांध मोडावेत. केरळच्या सरकारी शाळा अनेक वर्षं लिनक्सवर चालत आल्या आहेत.

सर्व्हिस सेंटरच्या दारात

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. अकोले तालुक्यातल्या माणसाला अहिल्यानगर शहरापेक्षा नाशिक जवळ पडतं. अशा ठिकाणी लॅपटॉप घेऊन जायचा, नंतर आणायला जायचं आणि काम न होता परतायचं, यात दिवस आणि भाडं दोन्ही जातं. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारावं की वॉरंटी घरपोच सेवेची आहे की यंत्र नेऊन देण्याची, आणि घरपोच असेल तर आपल्या पिनकोडला ती खरोखर मिळते का.

बिघाड झाला की आधी बायोसमधली तपासणी चालवावी आणि क्रमांकाचा फोटो घ्यावा. बिघाड कधी होतो, कधी होत नाही असा असेल, तर मोबाइलवर चित्रीकरण करावं. मग स्वतःच्या फाइली काढून घ्याव्यात, कारण दुरुस्तीत डिस्क पुसली जाऊ शकते. डिस्क शाबूत असेल तर मूळ विंडोजची प्रतिमा परत बसवावी. यात फसवणूक काही नाही. तिथल्या तंत्रज्ञाची साधनं विंडोजवर चालतात आणि त्याला ओळखीच्या स्थितीत यंत्र मिळालं की काम लवकर होतं. त्याने विचारलं तर लिनक्स टाकलं होतं हे सरळ सांगावं.

यंत्र ताब्यात देताना जॉबशीट घ्यावी आणि तक्रार आपल्या शब्दांत नीट लिहिली आहे का ते वाचून सही करावी. मदरबोर्ड बदलला असेल तर परत घेताना दोन गोष्टी तपासाव्यात : बायोसमध्ये जुनाच सिरियल नंबर दिसतो का आणि विंडोज सक्रिय आहे का. परवान्याची किल्ली जुन्या बोर्डाबरोबर गेलेली असते. ती नव्या बोर्डात घालून देणं त्यांचं काम आहे, आणि ते तिथल्या तिथे करून घेणं सोपं असतं.

नकार मिळाला तर

ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्याने वॉरंटी जात नाही, असं थेट सांगणारं कलम आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे. ग्राहकाने आमचीच वस्तू किंवा सेवा वापरली तरच वॉरंटी, अशी अट तो सर्वसाधारणपणे घालू देत नाही. त्याच आधारावर तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये काही कंपन्यांना 'स्टिकर काढला तर वॉरंटी रद्द' या भाषेबद्दल ताकीद दिली.

आपल्याकडे जवळचा आधार मिळतो तो मोटारींच्या प्रकरणात. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच हातात ठेवल्याचा ठपका त्यांच्यावर होता. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. पण त्या आदेशातला एक विचार आपल्या प्रश्नाला लागू पडतो : बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. लॅपटॉपच्या बाबतीत हा आदेश बंधनकारक नाही, तरी युक्तिवाद तोच आहे. बिजागरी तुटली असेल तर ती उबुंटूने तोडली हे कंपनीने दाखवायला हवं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, तेही याच दिशेचं पाऊल.

प्रत्यक्षात करायचं ते असं. तोंडी नकार घेऊ नये, जॉबशीटवर किंवा ईमेलवर कारणासह लिहून मागावा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा उत्तर बदलतं. मग कंपनीच्या वरच्या तक्रार कक्षाकडे जावं. तिथे दाद नाही लागली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. त्यामुळे कंपनी बंगळुरूची आणि खरेदी ऑनलाइन असली, तरी जामखेडच्या ग्राहकाला अहिल्यानगरच्या आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि तिथे पहिल्या पंधरवड्यातल्या तपासणीचा फोटो, तक्रारीच्या वेळचा सांकेतिक क्रमांक आणि कारणासह मिळालेला लेखी नकार हे तीन कागद बरंच बोलतात. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.